दोन मापांमधला तास

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या कुठल्याही सेंटरचे पोटाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट काढून बघा, पित्ताशयाच्या वाट्याला दीड ओळ आलेली दिसेल. पित्ताशय भरलेलं, भिंत नॉर्मल, खडा नाही. किंवा खडा आहे, इतक्या मिलिमीटरचा. रिपोर्ट हातात पडला की पेशंट तेवढंच शोधतो. सर्जनही तेच शोधतो, आणि बरगडीखाली प्रोब टेकवताना आमचीही नजर आधी खड्यावरच जाते. ते बरोबरच आहे. पित्ताशयातला खडा इतक्या खात्रीनं आणि इतक्या थोड्या खर्चात दाखवणारं दुसरं साधन आपल्याकडे नाही. पण त्या दीड ओळीत या अवयवाचं काम कुठेच येत नाही. पित्ताशय आवळतं का, किती आवळतं, जेवणानंतर किती वेळानं आवळतं, हे एका चित्रात मावत नाही. त्यासाठी दोन चित्रं लागतात आणि त्यांच्यामध्ये जाऊ द्यायचा वेळ लागतो. मला या कामात खरी गोडी लागली ती तिथे.

आमच्याकडे पित्ताशयाची पहिली परीक्षा बऱ्याचदा चहाच घेऊन टाकतो. ‘उपाशीपोटी या’ असं बजावून सांगितलेलं असतं. तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं पहाटेची एसटी धरून येतात. टेबलावर झोपल्यावर मी विचारते, "मावशी, काही खाल्लं नाही ना?" उत्तर ठरलेलं असतं, "न्हाई मॅडम, कायबी न्हाई. च्या तेवढा घेतलाय घोटभर." पडद्यावर बघावं तर पित्ताशय आवळून बसलेलं, भिंत जाडसर आणि आत पित्ताची एक काळी चिरी तेवढी उरलेली. म्हशीच्या दुधाचा दाट चहा पोटात गेलेला असतो, सोबत एखादी खारीही. नवीन डॉक्टरला ही जाड भिंत सुजेसारखी वाटण्याची भीती असते. उपाशीपोटी पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटरच्या आत असावी, असं तो पुस्तकात शिकलेला असतो. इथे ती चार-पाच दिसते. खरं तर त्या मावशींचं पित्ताशय ठणठणीत असतं. नेमून दिलेलं काम नुकतंच उरकून ते मोकळं झालेलं असतं. त्या दिवशी खडा बघायचा असेल तर मी त्यांना उद्या या म्हणते, आणि पित्ताशय आवळतं का असा प्रश्न असेल तर त्याचं अर्धं उत्तर मिळालेलंच असतं.

यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. आपण उपाशी असतो तेव्हा त्यातलं बरंचसं पित्ताशयात वळतं, आणि पित्ताशयात जागा असते जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटरची. ते मावतं, कारण पित्ताशयाची भिंत त्यातलं पाणी आणि क्षार शोषून घेत राहते, आणि पित्त पाचपट, दहापट दाट होतं. मग जेवणातला स्निग्ध पदार्थ जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचतो, तिथल्या काही पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात, आणि त्याच्या सांगण्यावरून पित्ताशय आवळतं, नळीच्या तोंडाचा स्नायू सैल होतो आणि पित्त आतड्यात उतरतं. हे संप्रेरक म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. शिकागोत अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी १९२८ साली ते दाखवून दिलं. प्रथिनांनीही ते सुटतं, पण खरा मान स्निग्धाचा.

हे काम डोळ्यांनी बघायची धडपड सोनोग्राफीच्या कितीतरी आधीची आहे. १९२४ साली अमेरिकेत सेंट लुईसला एव्हार्ट्‌स ग्रॅहम आणि वॉरन कोल यांनी पित्तातून बाहेर पडणारं रसायन देऊन एक्स-रेवर पित्ताशयाची सावली आणली. त्याच दशकात एडवर्ड बॉयडन यांनी अंड्याचा बलक आणि साय असं जेवण ठरवून दिलं आणि त्यानंतर पित्ताशय किती लहान होतं ते मोजलं. पुढे आपल्याकडेही हीच रीत आली. रात्री गोळ्या घ्यायच्या, सकाळी एक्स-रे, मग तुपाचं किंवा लोण्याचं काही खायला द्यायचं आणि पुन्हा एक्स-रे. माझ्या आधीच्या पिढीतले मिरजेचे डॉक्टर या फिल्मांविषयी अजून आपुलकीनं बोलतात. ध्वनिलहरींच्या बाजूनं बघितलं तर पित्तखडा या यंत्राच्या अगदी बाळपणापासून त्याच्या सोबत आहे. जॉर्ज लुडविग यांनी १९४९ साली अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या शरीरात माणसाचे पित्तखडे ठेवून ते ध्वनीच्या प्रतिध्वनीनं सापडतात का ते पाहिलं. इयन डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा ग्लासगोचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर नऊ वर्षांनी आला. हलतं चित्र दाखवणारी यंत्रं आल्यावर, १९८० च्या सुमारास, कोलोरॅडोच्या फ्रेड कर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताशयाचं आकारमान सोनोग्राफीनं मोजण्याची पद्धत बसवली. गरोदरपणात पित्ताशय सैलावतं आणि पुरतं रिकामं होत नाही, हे त्यांनीच याच पद्धतीनं मोजून दाखवलं. रंगद्रव्य नाही, किरण नाहीत. एकाच माणसाचं दर पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं तरी त्याला काही अपाय नाही. गरोदर बाईच्या पित्ताशयाचं काम मोजता आलं ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष माप कसं घेतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेशंट आधी उताणा, मग डाव्या कुशीवर. कुशीवर वळलं की पित्ताशय यकृताच्या आडून थोडं खाली सरकतं आणि आतड्यातला वायू बाजूला होतो. ‘श्वास घ्या, धरून ठेवा.’ यकृताच्या दोन भागांमध्ये एक तिरपी पांढरी रेघ दिसते. ती धरून खाली आलं की आपण नेमके पित्ताशयाच्या मानेशी पोचतो. मान सापडली की प्रोब जागच्या जागी हळूहळू फिरवायचा, मान आणि बूड दोन्ही एका चित्रात येईपर्यंत. थोडं जरी तिरकं पडलं तरी बूड कापलं जातं आणि लांबी कमी भरते. चित्र गोठवायचं, लांबी घ्यायची. मग प्रोब काटकोनात वळवायचा, सगळ्यात रुंद जागा शोधायची, आणि आडवी-उभी अशी दोन मापं घ्यायची. काहींचं पित्ताशय बुडाशी दुमडलेलं असतं. ती घडी आवळल्यावर उलगडते, म्हणून आधीच्या मापात ती धरली की नाही हे लक्षात ठेवावं लागतं. तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ नं गुणलं की मिलिलिटरमध्ये आकारमान मिळतं. वांग्यासारखा हा अवयव लंबगोल आहे असं धरून चालायचं, एवढीच त्यातली तडजोड.

कागदावर हे सोपं दिसतं. आता आकडे घालून बघू. समजा लांबी ७ सेंटिमीटर, रुंदी आणि खोली अडीच-अडीच. आकारमान आलं साधारण २३ मिलिलिटर. पडद्यावरची खूण दोन मिलिमीटर बाहेर पडली, ही दोन्ही मापं अडीचऐवजी २.७ आली, की तेच पित्ताशय साडेसव्वीस मिलिलिटरचं होतं. म्हणजे १७ टक्क्यांची वाढ, पेशंटनं काहीही न करता. उलट दुसऱ्या वेळी खूण दोन मिलिमीटर आत पडली तर पित्ताशय १५ टक्के आवळल्याचं मी लिहून मोकळी होईन, आणि ते बिचारं जागचं हललेलंही नसेल. भिंतीची आतली कड पडद्यावर लेखणीनं ओढलेली नसते. काळ्या पित्ताकडून करड्या भिंतीकडे जाताना एक धूसर पट्टा असतो, आणि खूण त्या पट्ट्यात कुठे टेकवायची हे माझं बोट ठरवतं. बोटाला जर माहीत असेल की या बाईंनी आत्ताच दूध प्यायलंय, तर ते आपसूक आत सरकतं. यात लबाडी नसते. डोळा अपेक्षेप्रमाणे बघतो, इतकंच.

म्हणून माझ्याकडे एक शिस्त आहे. प्रत्येक वेळी तीच कूस, तितकाच श्वास, तेच यंत्र, तोच हात. प्रत्येक माप तीनदा, मग सरासरी. आणि आधीचे आकडे मी दुसऱ्या मापाच्या वेळी बघत नाही. सिस्टर ते वहीत उतरवून वही उलटी ठेवतात. मदतीला नवीन मुलगी आली की तिला हे विचित्र वाटतं, ‘मॅडम, मघाचं किती आलं होतं ते सांगू का?’ म्हणून ती मदत करू बघते. तिला समजावून सांगावं लागतं की नको, तेच तर मला कळायला नको आहे.

खायला काय द्यायचं हाही आमच्याकडे एक प्रश्न. पुस्तकात अंडी, साय, चॉकलेट. सांगलीत जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, शिवाय कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, कुणाचा श्रावण. त्यामुळे अंडं कधीच बाद झालं. मी सायीसकट म्हशीचं दूध देते, मोठा पेलाभर, आणि लोणी लावलेला ब्रेड. पित्ताशय नीट आवळायला दहा ग्रॅमच्या आसपास तरी स्निग्ध पदार्थ लागतो. अडीचशे मिलिलिटर म्हशीच्या दुधात पंधरा ग्रॅमच्या वरच मिळतो. कृष्णाकाठच्या माणसाला हे औषध वाटत नाही, ही त्यातली मोठी सोय. वाईट वाटतं ते पथ्यवाल्यांचं. पित्ताचा त्रास म्हणून दोन-दोन वर्षं ज्यांनी तूप-लोण्याला हात लावलेला नाही, अशी माणसं तो पेला हातात घेऊन माझ्याकडे बघत राहतात. खरंच पिऊ का, असं पुन्हा विचारतात.

मग तो तास. पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ मिनिटांनी माप. मधल्या वेळात माणूस बाकावर बसून असतो, आणि एरवी पाच मिनिटांत आटोपणाऱ्या तपासणीत जे ऐकू येत नाही ते या तासात ऐकायला मिळतं. दुखणं नक्की कुठे, जेवल्यावर किती वेळानं, पाठीत जातं की खांद्यात. कधी तिसऱ्या मापाच्या वेळी पेशंट म्हणतो, "आत्ता दुखायलंय बघा," आणि पडद्यावर पित्ताशय आवळलेलं असतं. कधी दुखायलंय म्हणतो आणि ते जसंच्या तसं फुगलेलं असतं. दोन्ही गोष्टी मी वेळेसह लिहून ठेवते. निरोगी माणसात अर्ध्या ते एका तासात अर्ध्याहून जास्त पित्त बाहेर पडलेलं असतं. मघाचं २३ मिलिलिटरचं पित्ताशय सात-सव्वासात मिलिलिटरवर आलं, तर ६८ टक्के रिकामं झालं असं म्हणायचं. ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली गेलं की काम मंद आहे असं बहुतेक जण धरतात.

मंद असलं तर काय? इथे मी सावध असते. जुन्या मधुमेहात, स्वायत्त नसा बिघडल्या की पित्ताशय मोठं आणि सुस्त होतं, हे मी वारंवार बघते. पायाला मुंग्या येतात म्हणून तक्रार करणाऱ्या माणसाचं पित्ताशयही त्याच कारणानं अर्धवट आवळत असतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे तसंच होतं, आणि बाळंतपणानंतर खडे सापडणाऱ्या बाया जास्त का, याचं एक कारण त्यात आहे. झपाट्यानं वजन उतरवणारे, आयसीयूत दिवसेंदिवस शिरेतून अन्न घेणारे, यांच्या पित्ताशयाला आवळायचं निमित्तच मिळत नाही, मग पित्त साचून गाळ धरतं. पण खडा नाही, दुखणं आहे, आणि माप मंद आलं, एवढ्यावर पित्ताशय काढून टाकावं का, हा प्रश्न सोपा नाही. जाणती माणसंही त्यावर एकमताची नाहीत. अणुवैद्यकाची तपासणी त्यासाठी जास्त वापरतात, पण ती मोठ्या शहरात. माझं मत विचाराल तर एका सकाळच्या मापावर कुणी सुरी उचलू नये. आठवड्यानं पुन्हा मोजा. दोन्ही वेळा मंद आलं, आणि दोन्ही वेळा त्याच घटकेला तीच कळ आली, तर बोलू.

प्रोब धरणाऱ्या हाताविषयी बोलताना आमच्या जिल्ह्यात एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. याच यंत्रानं इथे मुली पोटातच मोजून वजा केल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ साली कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या, साताऱ्यात ८९५. आणि २०१७ साली मिरज तालुक्यातलं म्हैसाळ स्त्रीभ्रूणहत्येमुळे अवघ्या देशाला माहीत झालं. तेव्हापासून माझं यंत्र नोंदलेल्या पत्त्यावरून हलत नाही, गरोदर बाईची प्रत्येक तपासणी फॉर्मवर जाते, आणि मला त्याचा एक कणभरही जाच वाटत नाही. गावात जाऊन, शेतावर जाऊन पित्ताशयं मोजता आली असती तर बरं झालं असतं, असं कधी मनात येतं. पण ज्या यंत्राचा इथे असा इतिहास आहे, ते एका जागी बांधलेलंच बरं.

आता हळदीकडे येते, कारण सांगलीत पित्ताशय मोजायचं आणि हळदीचा प्रश्न टाळायचा हे शक्यच नाही. हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डात सौद्यांना राजापुरी हळदीच्या राशी लागतात. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. त्या दिवसांत तपासणीला येणाऱ्या हमालांचे तळवे, नखं, कानाच्या मागची घडीसुद्धा पिवळी असते, आणि जेल पुसलेला कागद पिवळा होऊन टोपलीत पडतो. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं गेली. वरच्या अंगाला वाई, कोरेगाव, कराडकडेही हळदीचं रान आहे, आणि पालीच्या खंडोबाला पौषात तीच भंडारा होऊन उधळते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

तर एक अडते माझ्याकडे मधुमेहाच्या तपासणीसाठी येतात. वय साठीचं, बोलणं सौद्यातलं, मोजकं. त्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, हळदीनं पित्ताशय हलतं म्हणतात. तुमच्या टीव्हीवर दिसंल का?" मला फार आनंद झाला. इतका नेमका प्रश्न माझ्या क्षेत्रातली माणसंही फारशी विचारत नाहीत.

दिसतं, आणि ते बघितलं गेलेलं आहे. १९९९ साली इंडोनेशियातल्या मेदान शहरात अब्दुल रसिद आणि अझनान लेलो यांनी बारा निरोगी माणसांना रात्रभर उपाशी ठेवून हळदीतलं कर्क्युमिन २० मिलिग्रॅम दिलं. दुसऱ्या खेपेला त्याच माणसांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कुठल्या दिवशी काय दिलं हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि मोजणाऱ्यालाही नाही. मग दर अर्ध्या तासाला सोनोग्राफी. कर्क्युमिनच्या दिवशी पित्ताशयाचं आकारमान अर्ध्या तासात ११.८ टक्के, तासाभरात १६.८, दीड तासात २२ आणि दोन तासांत २९.३ टक्के उतरलं. तीन वर्षांनी त्यांनी मात्रा वाढवून पाहिली. २० मिलिग्रॅमला सुमारे ३४ टक्के, ४० ला ५१ आणि ८० ला ७२.

हे आकडे मी अडत्यांना सांगितले तेव्हा ते हिशेबाला बसले. आमच्या हळदीत कर्क्युमिन किती? साधारण दोन ते पाच टक्के. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून ‘फुले स्वरूपा’सारखी वाणं आली, त्यात हा भाग वाढवण्यावर लक्ष दिलेलं आहे. तीन टक्के धरले तर २० मिलिग्रॅमला पाऊण ग्रॅमसुद्धा हळद लागत नाही. "म्हंजे आमटीतली चिमूटच की," अडते म्हणाले.

इथे मला त्यांना थांबवावं लागलं. आमटीतली हळद एकटी कधीच जात नाही. ती तेलात पडते, मोहरीनंतर. फोडणीतल्या तेलानं पित्ताशय जितकं आवळेल तितकं हळदीच्या चिमटीनं आवळणार नाही, आणि दोन्ही एकत्र पोटात गेल्यावर कुणाचं श्रेय किती हे माझं यंत्र सांगू शकत नाही. हळदीच्या दुधाचंही तेच. दूध म्हशीचं, साय जाड. रात्री हळदीचं दूध पिऊन सकाळी हलकं वाटतं म्हणणाऱ्याच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. त्यातली हळद वेगळी काढून मोजली पाहिजे, एवढंच म्हणते. मेदानच्या दोघांनी नेमकं तेच केलं. आणखी एक बारीक गोष्ट त्यांच्या आकड्यांत आहे. दुधानं आवळणारं पित्ताशय तासाभरात तळ गाठतं. इथे दोन तास झाले तरी उतार चालूच आहे, सावकाश, एका चालीनं. ही दोन वेगळ्या जातीची आकुंचनं दिसतात. मला त्या उताराचा पुढचा भाग बघायची फार इच्छा आहे.

आणि पहिल्या अर्ध्या तासाचे ते ११.८ टक्के? माझ्या दोन मिलिमीटरच्या चुकीहून ते कमी आहेत. उपाशी पित्ताशयं त्यांच्याकडे सरासरी १६ मिलिलिटरची होती. २९ टक्के म्हणजे साडेचार मिलिलिटर. एवढ्या फरकासाठी एका माणसाच्या एका मापावर मी कधीच विसंबणार नाही. बारा माणसं, प्रत्येकाची दोन्ही दिवसांची मापं, आणि मोजणाऱ्या हातापासून लपवलेलं उत्तर, यामुळे तो आकडा उभा राहतो. हळदीवरून आपण एक मोठी लढाई जिंकलेली आहे. जखम भरून काढण्यासाठी हळद, या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ते १९९७ साली रद्द करवलं. ती लढाई हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, हे जुन्या ग्रंथांतून सिद्ध करण्याची होती आणि ती जिंकलीच पाहिजे होती. किती मात्रेनं, किती वेळात, किती मिलिलिटर, हे मात्र जुन्या पोथीत सापडत नाही. ते कुणीतरी उपाशी माणसाच्या बरगडीखाली प्रोब धरून बसल्याशिवाय कळत नाही.

अडत्यांचा खरा प्रश्न नंतर बाहेर आला. मंडळींच्या पित्ताशयात खडे होते, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्या रोज हळदीच्या अर्काची पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल घेत होत्या. खडे विरघळतील म्हणून. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ती आधी बंद करा. पित्ताशय आवळणं ही निरोगी माणसात चांगली गोष्ट, पण आत खडा असेल तर आवळताना तो मानेत अडकू शकतो, आणि मग जी कळ येते ती त्यांनी सोसलेली आहेच. जर्मनीतल्या ‘कमिशन ई’ या सरकारी समितीनं अपचनासाठी हळदीला मान्यता देतानाच लिहून ठेवलंय की पित्तनलिका अडलेली असेल तर हळद घेऊ नये, आणि खडे असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. स्वयंपाकातली हळद चालू द्या, कॅप्सूल सर्जनला दाखवल्याशिवाय नको. त्यांनी मान हलवली, आणि मंडळींना दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि कराडच्या कृष्णा रुग्णालयात दरवर्षी पदव्युत्तर मुलं प्रबंधाला विषय शोधत असतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर विषय इथेच आहे. मेदानला शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. आपण राजापुरीची अख्खी पूड द्यावी, जशी ती घरात येते तशी, एकदा कोरडी आणि एकदा मोजून घेतलेल्या तेलात. तितकंच नुसतं तेल तिसऱ्या दिवशी. माप दोन तासांवर न थांबवता चारपर्यंत न्यावं. जुने मधुमेही वेगळे घ्यावेत, कारण त्यांच्या सुस्त पित्ताशयाला हळद हलवते का हा प्रश्न आपल्या भागाला सगळ्यात जवळचा आहे. खडेवाले आणि गरोदर बाया कटाक्षानं वगळाव्यात. पूड कॅप्सूलमध्ये भरावी, नाहीतर चवीनंच सगळं उघड होईल. यार्डातले हमाल स्वयंसेवक म्हणून आनंदानं येतील, पण त्यांचे हात रोजच पिवळे, तेव्हा त्यावरून काही कळणार नाही ही एक सोयच. जिभेचं मात्र बघावं लागेल. कॅप्सूल तोंडात फुटली तर जीभ पिवळी होते, म्हणून मोजणाऱ्यानं पेशंटशी बोलू नये. श्वास धरायला सिस्टरनं सांगावं. रविवारी सकाळी माझं यंत्र मोकळं असतं आणि मीही. हळद अडते देणार आहेत, एकाच राशीतली.